'श्यामची आई' पोरांना दाखवायचाय? मग श्यामपासून सुरुवात करा

मे महिन्याची सुट्टी लागली की घरात कुणीतरी म्हणतंच, या वेळी पोरांना 'श्यामची आई' दाखवूया. मग एक दिवस दुपारी जेवणं झाल्यावर सगळे बसतात, कुणीतरी मोबाईलवरून टीव्हीला लावून देतं, पंधरा मिनिटांत पोरं एकेक करून उठून जातात आणि शेवटी आजी, काकू आणि मी एवढ्याच उरतो, डोळ्याला पदर लावून. आमच्याकडे दोन वेळा असंच झालं. तिसऱ्या वेळी मात्र माझी दोन आणि दिराची दोन अशी चारही पोरं शेवटपर्यंत बसली आणि दुसऱ्या दिवशी परत त्यावरच बोलत होती. मधे काय बदललं ते सविस्तर लिहिते, कारण हा सिनेमा पोरांपर्यंत पोचायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात मोठा बदल आहे आपण पोरांना आधी काय सांगतो त्याचा. आपण सांगतो, "खूप छान संस्कारांचा सिनेमा आहे, आई काय असते ते कळेल." हे ऐकून कुठलंही नऊ वर्षांचं पोर पळणारच हो! त्याला वाटतं आता आपल्याला अडीच तास बोलणी बसणार. त्याऐवजी मी या वेळी सांगितलं की कोकणातल्या एका खेड्यातला पोरगा आहे, जाम हट्टी, पाण्याला घाबरतो, लपून बसतो, काम सांगितलं की टाळतो, एकदा तर चोरी पण करतो, आणि त्याची आई त्याला पुरून उरते. बस एवढंच. लगेच प्रश्न सुरू झाले, चोरी कसली केली, पकडला का, मार बसला का. म्हणजे सिनेमा लावायच्या आधीच श्याम त्यांच्यातला झाला होता.

आणि हे काही मी पोरांना फसवायला सांगितलं नाही, श्याम खरंच तसा आहे. हा सिनेमा साने गुरुजींच्या ज्या पुस्तकावरून केलाय, त्यात त्यांनी स्वतःच्या लहानपणाला कुठेही पॉलिश मारलेलं नाही. पत्रावळ लावायला शिकायची नाही म्हणून हट्ट धरून बसणारा श्याम आहे, पोहायला जायचं नाही म्हणून दडून बसणारा श्याम आहे, पुस्तकं हवीत म्हणून पाहुण्याचे पैसे उचलणारा पण श्यामच आहे. आपण मोठेपणी फक्त आईच लक्षात ठेवली आणि हा खोडकर, भित्रा, हळवा पोरगा विसरून गेलो. माझं मत विचाराल तर आई एवढी मोठी दिसते ती श्याम असा आहे म्हणूनच, आधीच शहाणा असलेल्या पोराला शिकवण्यात काय विशेष आहे.

आता थोडी माहिती, ही तुम्हाला असायला हवी कारण पोरं विचारतात. सिनेमा १९५३ चा. निर्माता, दिग्दर्शक आचार्य अत्रे. त्याच वर्षीच्या सिनेमांसाठी सरकारने पहिल्यांदा राष्ट्रीय पुरस्कार दिले, ते दिले गेले १९५४ मध्ये, आणि देशातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या मराठी सिनेमाला मिळालं. त्याच वर्षी 'दो बिघा जमीन' पण शर्यतीत होता, त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं, यावरून कळेल की केवढी मोठी गोष्ट होती. त्यानंतर मराठी सिनेमाला हा मान परत मिळायला 'श्वास' यावा लागला, म्हणजे पन्नास वर्षं! आईचं काम केलंय वनमालाबाईंनी, ज्या त्याआधी १९४१ च्या 'सिकंदर'मध्ये होत्या, म्हणजे ऐतिहासिक भरजरी सिनेमातली नटी इथे साध्या नऊवारीत चुलीपुढे बसते. श्याम झालाय तो माधव वझे, जे पुढे नाट्यसमीक्षक आणि रंगकर्मी म्हणून नावाजले गेले. संगीत वसंत देसाईंचं.

अत्र्यांबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लोकांना अत्रे म्हटलं की विनोद आणि दणदणीत भाषणं आठवतात, पण हा माणूस पुण्यात शाळेचा हेडमास्तर होता आणि पोरांसाठी 'नवयुग वाचनमाला' काढलेला माणूस होता. पोरं कशी बोलतात, कशाला घाबरतात, कधी खोटं बोलतात हे त्यांनी वर्गात बघितलेलं. 'छडी लागे छमछम' हे गाणं त्याच माणसाला सुचू शकतं. म्हणून सिनेमात पोरांचे सीन आले की पोरांना नीट बघू द्या, मधे बोलू नका.

आता प्रत्यक्ष दाखवायचा कसा ते.

टीव्हीपासून सुरू करते कारण आमची पहिली दोन वर्षं तिथेच वाया गेली होती हे मला नंतर कळलं. जुने सिनेमे चौकोनी असतात, आजच्यासारखे आडवे लांब नाहीत. आपला टीव्ही बरेचदा चित्र ताणून पूर्ण पडदा भरतो, मग सगळी माणसं बुटकी आणि रुंद दिसतात, किंवा झूम करून डोकी आणि पाय कापून टाकतो. पोरांना कारण कळत नाही, पण हे काहीतरी विचित्र दिसतंय एवढं कळतं आणि ती कंटाळतात. सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार चार बाय तीन किंवा 'ओरिजिनल' असं काही असेल ते निवडा, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या राहतील, राहू द्या. मग पिक्चर मोड 'व्हिव्हिड' असेल तर काढून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा. हालचाल गुळगुळीत करणारं जे सेटिंग असतं ते बंद करा, त्याने जुना सिनेमा सिरियलसारखा दिसायला लागतो. आणि एक छोटी युक्ती, ही माझ्या भावाने सांगितली आणि फार उपयोगी पडली: टीव्हीचा 'कलर' पूर्ण शून्यावर आणा. नेटवरच्या जुन्या कॉप्यांना बरेचदा पिवळट नाहीतर हिरवट झाक असते, कलर शून्य केला की ती जाते आणि स्वच्छ काळापांढरा दिसतो. खूप फरक पडतो, करून बघा.

आवाजाचं तर त्याहून महत्त्वाचं. जुन्या साउंडमध्ये आवाज थोडा घुमतो, त्यात आपले साउंडबार बेस वाढवून सगळा गोंधळ करतात. बेस कमी करा, 'डायलॉग' किंवा 'व्हॉइस' असा मोड असेल तर तो लावा. पंखा फुल स्पीडवर असेल तर एक नंबर कमी करा, हसू नका, शब्द कळले नाहीत की पोर पाच मिनिटांत उठतं. एकापेक्षा जास्त कॉप्या सापडत असतील तर आदल्या रात्री प्रत्येकीची पाच पाच मिनिटं बघा आणि ज्यात आवाज स्वच्छ आहे ती घ्या, चित्र थोडं खराब असलं तरी चालेल.

वेळ रात्रीची ठेवा. दुपारी उजेडात काळापांढरा सिनेमा फिका पडतो आणि खाली क्रिकेट चालू असतं. रात्री जेवण करून, गाद्या टाकून, मोठा दिवा बंद, कोपऱ्यातला एक बारका दिवा चालू, असं केलं की आपोआप गोष्ट ऐकायचा मूड येतो. शिवाय पुस्तक पण रात्रींचंच आहे ना, एकेक रात्र एकेक गोष्ट. आणि अख्खा एका बैठकीत दाखवायचा अट्टहास करू नका, सिनेमा अडीच तासांच्या आसपास आहे, दोन रात्रींत करा. पहिल्या रात्री जिथे पोरं अजून जागी आहेत आणि "पुढे काय" विचारतायत तिथेच बंद करायचा, झोप यायची वाट बघायची नाही. आमच्याकडे बंद केला तेव्हा आरडाओरडा झाला, तो आरडाओरडा मला सोन्यासारखा वाटला.

शब्दांची तयारी थोडी करावी लागते, विशेषतः पोरं इंग्लिश मीडियमची असतील किंवा बाहेरदेशात वाढत असतील तर. माझ्या चुलत बहिणीची मुलं परदेशात असतात, त्यांना मराठी घरात बोलून येतं पण ओटी, पडवी, माजघर, सोवळं, शिमटी, सावकार, जप्ती, दवंडी हे शब्द कुठून माहीत असणार. पण यादी करून पाठ करायला लावू नका! माझं आजोळ दापोलीकडचं, म्हणून मी काय केलं, तिथल्या घराचे जुने फोटो काढले आणि दाखवलं की ही ओटी, इथे आजोबा बसायचे, ही पडवी, इथे पावसात लाकडं ठेवायचो, ही विहीर, हिच्यात मामा पोहायला शिकला. दहा मिनिटांत झालं. तुमच्याकडे फोटो नसतील तर कागदावर घराचा नकाशा काढा, पुढून मागे, तेवढा पुरतो. सावकार मात्र नीट समजवा कारण पुढची अर्धी गोष्ट त्यावर उभी आहे. मी असं सांगितलं की हे घर एकेकाळी गावात मोठं होतं, खोतांचं घर, मग कर्ज झालं, व्याजावर व्याज चढत गेलं, आणि घर हातचं गेलं. साताठ वर्षांच्या पोराला पण एवढं कळतं, फोनवर हप्त्यांबद्दल आपण बोलतो ते त्यांनी ऐकलेलंच असतं.

पोहण्याचा प्रसंग. इथे थांबून जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त चर्चा याच्यावर झाली. पुस्तकात ही बारावी रात्र आहे. गावातली सगळी पोरं विहिरीवर पोहायला शिकतायत आणि श्याम घाबरून लपून बसलाय. आई त्याला शोधून काढते, शिमटीने, म्हणजे बारीक लवचिक काठीने, मारते आणि पाठवतेच. नंतर तिलाच वाईट वाटतं, पाठीवरच्या वळांना ती तेल लावते. तिला भीती असते की आपल्या पोराला लोक भित्रा म्हणतील. आता आजचं पोर हे बघून काय विचारणार? "आई, मारलं तर चालतं का?" माझ्या धाकटीने अगदी हेच विचारलं. मी सरळ सांगितलं की नाही, आता आपण असं करत नाही आणि करू पण नये, तेव्हा घराघरात मारायचे, श्यामच्या आईनेही मारलं, आणि तिला स्वतःलाही ते लागलं. इथे "बघा, मार खाल्ला म्हणून मोठा झाला" असं चुकूनही म्हणू नका, त्या एका वाक्याने पोराचा विश्वास जातो. त्यापेक्षा त्याला विचारा, तुला कशाची भीती वाटते. माझा मोठा, जो अकरा वर्षांचा आहे आणि सहसा काही सांगत नाही, तो म्हणाला स्टेजवर बोलायची. हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्यावर आम्ही अर्धा तास बोललो, सिनेमा पॉजवर होता, आणि कुणालाही कंटाळा आला नाही.

दुसरा प्रसंग तळपायांचा. आंघोळ झालीय, पाय ओले आहेत, त्यांना माती लागू नये म्हणून श्यामचा हट्ट चाललाय, आणि आई त्यावर त्याला सांगते की पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसंच मनाला घाण लागू नये म्हणून पण जप. हे वाक्य इतक्या ठिकाणी छापून आलंय की आपण ते भिंतीवरच्या सुविचारासारखं वाचतो. पोरांना मात्र ते आधी माहीत नसतं. म्हणून प्लीज, या वाक्याच्या आधी "आता बघा हं, आता महत्त्वाचं आहे" असं म्हणू नका. माझ्या आधीच्या दोन प्रयत्नांत मी हेच केलं आणि पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसली, पडद्याकडे नाही. या वेळी गप्प बसले, आणि दुसऱ्या दिवशी पुतण्या बाथरूममधून बाहेर येऊन पायपुसण्यावर उभा राहून तेच वाक्य म्हणत होता.

जातीचा विषय टाळू नका. त्या काळच्या ब्राह्मण घरातली गोष्ट आहे, सोवळंओवळं, शिवाशिव सगळं आहे त्यात. पुस्तकात एका दलित म्हातारीची मोळी खाली पडलेली असते, कुणी हात लावायला तयार नसतं, आणि आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. पोरं लगेच पकडतात, मदत केली तर आंघोळ कशाला? पकडू द्या, बरोबर आहे त्यांचं. मी सांगितलं की आई तिच्या काळात जेवढं पाऊल टाकू शकली तेवढं तिने टाकलं, आणि पुढचं पाऊल तिच्या पोराने टाकलं. १९४७ च्या मे महिन्यात हाच श्याम, म्हणजे साने गुरुजी, पंढरपूरला उपोषणाला बसले, विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून, आणि ते झालं. आपण पंढरपूरला जातो ना, ते हे देऊळ. ही जोड दिली की सिनेमा जुन्या काळात अडकून राहत नाही. माझ्या मते ही एक गोष्ट सांगितली नाही तर साने गुरुजी पोरांना अर्धेच कळतात.

गाणी आली की पुढे ढकलू नका, निदान 'भरजरी गं पितांबर' तरी. आशा भोसलेंचा आवाज, आणि गोष्ट पण पोरांना आवडेल अशीच आहे, कृष्णाचं बोट कापलंय, चिंधी पाहिजे, सख्खी बहीण सुभद्रा भारी वस्त्र फाडायला तयार नाही आणि द्रौपदी मात्र अंगावरचा पितांबर फाडून देते. आधी दोन वाक्यांत गोष्ट सांगून ठेवली की गाण्यात ती ओळखतात आणि ओळखलं की खूश होतात. आमच्याकडे तर भावाबहिणीत लगेच वाद पेटला की तू माझ्यासाठी कुठला ड्रेस फाडशील.

शेवट. आई जाते, आणि श्यामला वेळेत पोचता येत नाही. हे आधी सांगून ठेवावं का यावर आमच्या घरात दोन मतं होती. मी सांगून टाकलं, सात वर्षांच्या धाकटीला तरी नक्कीच, की यात शेवटी आई मरते, गोष्ट खूप जुनी आहे, मी इथे तुझ्या बाजूला आहे. तिने तो भाग माझ्या मांडीवर बसून बघितला. सातच्या खालच्या पोरांना दुसरी रात्र दाखवूच नका असं मी म्हणेन, पहिल्या रात्रीचा खोडकर श्याम त्यांना पुष्कळ झाला, बाकीचा दोन वर्षांनी. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर तर थांबाच. आणि रडू आलं तर मोठ्यांनी लपवू नये, आमचे हे रडले, पोरांनी बाबांना पहिल्यांदा रडताना बघितलं आणि दिराच्या धाकट्याने उठून त्यांना पाणी आणून दिलं.

सिनेमा संपल्यावर प्रश्नोत्तरं, निबंध, "तू काय शिकलास", असलं काही करू नका. त्या रात्री झोपू द्या. दुसऱ्या रात्रीपासून पुस्तक काढा. हे पुस्तक गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरू केलं आणि १३ तारखेला पहाटे संपवलं, पाच दिवसांत. यात बेचाळीस रात्री आहेत. क्रमाने वाचायची काही गरज नाही. मी आधी 'पत्रावळ' घेतली, मग 'श्यामचे पोहणे', मग 'अळणी भाजी', मग 'मोठा होण्यासाठी चोरी'. एक रात्र वाचायला दहापंधरा मिनिटं लागतात, भाषा जुनी आहे पण मोठ्याने वाचली की कळते. सिनेमात बघितलेले चेहरे डोक्यात असतात म्हणून पोरांना आता चित्रं लागत नाहीत. गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांना स्वतःला हा सिनेमा बघता आला नाही, हे ऐकून माझा मोठा बराच वेळ गप्प होता.

२०२३ मध्ये सुजय डहाके यांचा नवीन 'श्यामची आई' आला, तो पण मुद्दाम काळापांढराच केलाय. पोरं विचारतात कुठला आधी. मी म्हणेन आधी जुना. नवा नंतर दाखवा, मग दोन्हीतला श्याम कसा वेगळा वाटतो यावर मस्त गप्पा होतात.

आणि जमलं तर पालगडला जा. दापोली तालुक्यात आहे, गुरुजींचं जन्मघर तिथे स्मारक म्हणून जपलंय. दापोलीला लोक बीचसाठी जातातच, त्यात अर्धा दिवस काढा. आम्ही गेलो तेव्हा पोरं आपापसात इथे तो लपला असेल, तिथे आई बसत असेल असं ठरवत फिरत होती, कुणी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. लाडघरचा समुद्र पण बघा, तांबूस पाण्याचं तामस्तीर्थ, पुस्तकात त्याच्यावर एक अख्खी रात्र आहे.

लगेच जायला जमत नसेल तर घरी पत्रावळ लावा. वडाची मोठी पानं आणा, धुऊन पुसून घ्या, खराट्याच्या हिरांचे बोटभर तुकडे करा, एक पान मधे आणि बाकीची भोवती एकावर एक चढवत टाके घालत जा, टाका बारीक घ्यायचा, नाहीतर पान फाटतं. पहिल्या दोन बिघडतातच. आमच्याकडे नियम एकच होता, जो तो आपण लावलेल्या पत्रावळीवर जेवणार. धाकटीच्या पत्रावळीतून वरण गळून चटईवर आलं, तर म्हणाली, "श्यामची पण पहिली अशीच झाली असेल ना गं?" आणि दुसरी लावायला बसली.